बरणीखालच्या फांद्या

मी एक जुनी काचेची बरणी आहे, आणि मला राग आला आहे. मित्रांनो, तुम्ही आजवर ज्या जुन्या वस्तूंच्या गोष्टी वाचल्या असतील, त्या वस्तू फार सोशिक असतात. फाटकी छत्री म्हणते, माझी कोणाबद्दल तक्रार नाही. मोडकी खुर्ची म्हणते, मुलांनो, सुखी राहा. माझे तसे नाही. माझी तक्रार आहे आणि ती पुरती सांगितल्याशिवाय मी गप्प बसणार नाही. मध्येच उठून जाऊ नका. आणि माझ्याखाली काय आहे ते बघायला मला उचलू तर मुळीच नका. का, ते पुढे कळेल.

माझा जन्म काचेच्या कारखान्यात झाला. तिथे वाळू, सोडा आणि चुनखडी भट्टीत एकत्र वितळवतात आणि तो लालबुंद गोळा लोखंडी साच्यात सोडून हवेने फुगवतात. मी फुगले, थंड झाले, रांगेत उभी राहिले. फूटभर उंची, मोठ्या माणसाचा पंजा सहज आत जाईल एवढे तोंड, आणि पोटाच्या एका बाजूला तांदळाच्या दाण्याएवढा बुडबुडा राहून गेलेला. तपासणीवर बसलेल्या बाईंनी मला उजेडासमोर धरले, बुडबुडा पाहिला, जरा विचार केला आणि मला फोडायच्या ढिगात न टाकता पुढे सरकवले. माझा ज्यांच्यावर राग नाही अशा मोजक्या माणसांत त्या बाई आहेत.

तिथून मी आले एका शिंप्याच्या दुकानात. सगळी गल्ली त्यांना शिंपीकाका म्हणे, म्हणून मीही तेच म्हणते. त्यांनी मला पुसून काउंटरवर ठेवले आणि माझ्यात बटणे भरली. शिंपल्याची, लाकडाची, पितळेची, कोटाची मोठी चार भोकांची, बाळाच्या झबल्याची इवलीशी. गिऱ्हाईक मापे देता देता माझ्याकडे बघत राही. लहान मुले माझ्या काचेला नाक लावून उभी राहत आणि जाताना तिथे वाफेचा डाग ठेवून जात. "काय सुंदर बरणी आहे हो," असे लोक म्हणत. बटणे सुंदर होती, हे मला माहीत होते. तरी कौतुक मी माझेच समजून घेत असे.

शिंपीकाकांची एक सवय होती. कात्री लावण्याआधी ते कापड हातात धरून मोठ्याने विचारत, "सुलट बाजू कोणती?" गिऱ्हाईक समोर असले तर गिऱ्हाइकाला, नसले तर बायकोला, आणि दुकानात कोणीच नसले तर मला. मी काय बोलणार, कपाळ! पण ते विचारत. मग खडूने सुलट बाजूवर फुली मारत आणि मगच कापायला घेत. त्यांची दोन मुले, ताई आणि धाकटा, शाळा सुटली की बाकावर बसून हे रोज ऐकत.

"बाबा, तुम्हाला दिसतंय की कोणती सुलट ते. मग विचारता कशाला?" धाकट्याने एकदा विचारले.

"दिसतंय असं वाटतं ना, तेव्हाच माणूस चुकतो," काका म्हणाले. "आणि एकदा कापलं की मग विचारून काय करायचंय?"

मित्रांनो, हे तुम्ही लक्षात ठेवा. त्या दोघांनी ठेवले नाही.

दुकानामागे घर होते, घरामागे अंगण, आणि अंगणाच्या मधोमध अंजिराचे झाड. काका आणि काकू त्या घरात राहायला आले त्या वर्षी एका गिऱ्हाइकाने त्यांना वीतभर फांदी दिली होती. तिचेच ते झाड झाले होते. काकू, म्हणजे त्या दोघांची आई, त्याच्या सावलीत बसून काज करी आणि बटणे टाचे. तेव्हा मला दुकानातून उचलून तिच्याजवळ ठेवत. म्हणून झाड माझ्या चांगल्या ओळखीचे होते. पाने खरखरीत, देठ मोडला की पांढरे दूध येई, आणि फळ पिकले की बुडाशी मधासारखा थेंब जमे. तो थेंब दिसला की आई सुई कपड्यात खोवून उठायची आणि पहिले फळ काकांना नेऊन द्यायची. काका तेही अर्धे तोडून तिलाच परत देत.

मग काका गेले. दुकान बंद झाले. माझ्यातली बटणे कोणी तरी पिशवीत ओतली आणि माझ्यात खिळे भरले. खिळे! झाकण हरवले. काठाचा एक टवका उडाला. मला जिन्याखाली ढकलले, तिथे एक रंगाचा वाळलेला ब्रश आणि गंजलेली कडी माझ्या शेजारी होती. सात वर्षे मला कोणी पुसले नाही. त्याबद्दल मी बोलणार नव्हते, पण आता विषय निघालाच आहे तर सांगते, सात वर्षे.

या सात वर्षांत ताई आणि धाकटा, दोघांची लग्ने झाली, आणि घराचे दोन भाग झाले. डावा ताईचा, उजवा धाकट्याचा. मधली खोली आईची. तिला दोन दारे, एक इकडे उघडणारे आणि एक तिकडे. ताई दवाखान्यात औषधे द्यायचे काम करते. धाकटा बस चालवतो. दोघेही आपापल्या कामावर लोकांशी इतके गोड बोलतात की ऐकणाऱ्याला वाटावे, यांच्या घरात काय आनंद असेल. आणि घरात आठ महिने दोघे एकमेकांशी एक शब्द बोलत नव्हते.

भांडण कशावरून झाले असेल, सांगा बघू. नळावरून. अंगणात एकच नळ होता आणि तो कोणाच्या भागात धरायचा, यावरून. शेवटी नळ दोन बसवले, तरी भांडण तसेच राहिले. मग अंगणाच्या मधून भिंत घालायचे ठरले. गवंडी आला, त्याने दोरी लावली, आणि दोरी थेट अंजिराच्या बुंध्यावरून गेली.

"भिंत हातभर वाकवली तर झाड राहील," गवंडी म्हणाला. "कुणाच्या बाजूला वाकवू तेवढं सांगा."

ताईने आभाळाकडे पाहिले. धाकट्याने चपलेने मातीवर रेघ ओढली. हातभर! माझ्या उंचीहून जरा जास्त जागा. त्या जागेत कोणी काय बांधणार होते, राजवाडा?

हे सगळे आईने खिडकीत बसून ऐकले. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, माणसे तिला सावल्यांसारखी दिसतात, पण कान तिखट आहेत. संध्याकाळी तिने दोघांना आपल्या खोलीत बोलावले. दोघे दोन दारांतून आले आणि दोन दारांतच उभे राहिले.

"झाड नाही ठेवायचं तर नका ठेवू," आई म्हणाली. "पण त्याच्या चार फांद्या तरी जगवून द्या मला. त्या जगल्याशिवाय झाडाला हात लावायचा नाही."

"आई, त्याला सांग, मला कापता येतात फांद्या," ताई म्हणाली. "बाबांनी शिकवलंय."

"आई, तिला सांग, लावायचं मला जास्त कळतं," धाकटा म्हणाला. "आमच्या आगारातल्या माळ्याकडून शिकलोय मी."

"मी काय टेलिफोन आहे का रे?" आई म्हणाली. मग तिने उसासा टाकला. "बरं. ताई, तू काप. धाकट्या, तू लाव."

तिला वाटले, या निमित्ताने दोघे एकत्र येतील. बिचारी.

मला आईनेच शोधले. जिन्याखाली हात घालून तिने मला चाचपले, बुडबुड्यावर तिचा अंगठा गेला आणि ती म्हणाली, "अगं बाई, तू अजून आहेस!" तिने खिळे काढले आणि मला कोमट पाण्याने धुतले. सात वर्षांनी कोणी तरी मला हाक मारली होती, माझे मन भरून आले. वाटले, आता बटणे येणार. बटणे कसली! तिने मला उचलले आणि मातीच्या कुंडीवर उपडे ठेवून पाहिले. "बसते नीट," ती म्हणाली. फांद्यांना मूळ नसते ना, त्यामुळे त्या पाणी ओढू शकत नाहीत. वर काच असली की आतली ओल आतच राहते आणि फांदी वाळत नाही. काम महत्त्वाचे होते, मला मान्य आहे. पण जन्मभर तोंड वर करून बसलेल्या बरणीला डोक्यावर उभे करायचे म्हणजे काही बोलून चालून करावे की नाही?

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने फांद्या कापल्या. थंडीचे दिवस होते, झाडाची पाने गळलेली होती, म्हणजे वेळ योग्य होती. पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभराहून किंचित लांब अशा पाच फांद्या तिने घेतल्या. प्रत्येकीवर चार-पाच डोळे होते. डोळा म्हणजे फांदीवरचा तो टोकदार फुगवटा, जिथून पुढे पान फुटते. प्रत्येक फांदीचे खालचे टोक तिने तिरके कापले आणि वरचे सरळ, कारण बाबा तसेच कापत. तिरके टोक मातीत सुईसारखे जाते, असे ते म्हणायचे. फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून तिने आईच्या टेबलावर ठेवल्या आणि ती दवाखान्यात गेली.

दुपारी धाकटा आला. त्याच्या माळ्याची पद्धत नेमकी उलटी होती. वरचे टोक तिरके कापायचे, म्हणजे त्यावर पाणी साचत नाही, आणि खालचे सरळ. मित्रांनो, दोन्ही पद्धती बरोबर आहेत. दोन्ही पद्धतींनी झाडे होतात. पण कापणाऱ्याने एक पद्धत वापरली आणि लावणाऱ्याने दुसरी धरली, तर काय होईल ते तुम्हीसुद्धा सांगाल.

धाकट्याने तिरकी टोके पाहिली, ती वर केली आणि पाचही फांद्या खिडकीतल्या कुंडीत खोचल्या. डोळे कुठे बघताहेत ते त्याने पाहिले नाही. ताईला यायला तीन तास होते. तीन तास थांबता येत होते. दाराबाहेर उभे राहून एक हाक मारता येत होती.

"नीट लावल्यास ना रे?" आईने पलंगावरून विचारले.

"आई, मला कळतं," तो म्हणाला, आणि त्याने मला वरून झाकले.

आता मी माझ्यावरच का चिडते ते सांगते. मी त्या फांद्यांच्या सगळ्यात जवळ होते. मी डोक्यावर उभी असल्यामुळे मला खिडकी उलटी दिसत होती, पलंग उलटा दिसत होता, आईसुद्धा उलटी दिसत होती. फक्त फांद्या तेवढ्या सुलट दिसत होत्या. डोळे माझ्या तोंडाच्या दिशेने, आणि माझे तोंड म्हणजे वर, ही माझी जन्मभराची समजूत. मी म्हटले, वा, काय छान लावल्यात! अख्खी खोली उलटी असताना तेवढ्याच सुलट कशा, हे मला खटकायला हवे होते. सुलट बाजू कोणती, हा प्रश्न दहा हजार वेळा तर माझ्यासमोर विचारला गेला असेल. पण मी खिळ्यांच्या आणि टवक्याच्या दुःखात दंग होते.

पाच आठवडे गेले. माझ्या आत बाष्पाचे थेंब धरत आणि ओघळत. सकाळी ताई येऊन मला उचलून बघे. ती गेली की धाकटा येऊन उचले. दोघांची घरची माणसे येता-जाता उचलत. आत कोंडलेली ओल दर वेळी भसकन निघून जाई. आठवड्यातून दोनदा जरा हवा दिली तर बरेच असते, पण दिवसातून दहा वेळा? तुम्ही झोपला असताना कोणी दर तासाला पांघरूण ओढून "झोप लागली का?" असे विचारले तर कसे वाटेल?

सहाव्या आठवड्यात एका फांदीला मातीलगत हिरवे टोक आले. ते आधी खाली गेले, मग गळासारखे वळून वर आले आणि त्याचे पान झाले. नखाएवढे, वाकडे, पण पान. काय तो आनंद! ताई आईला म्हणाली, "त्याला सांग, फुटलं!" धाकटा आईला म्हणाला, "तिला सांग, बघितलं मी!" दोघे हसत होते, एकमेकांकडे न बघता.

त्याच दिवशी गवंड्याचा निरोप आला. पुढच्या महिन्यात त्याला दुसरे मोठे काम मिळाले होते. भिंत घालायची तर या आठवड्यात, नाही तर पावसाळ्यानंतर.

"मूळ धरलंय का पण?" आईने विचारले.

"पान आलं म्हणजे मूळ आलंच की, आई," धाकटा म्हणाला.

"हो, आलंच असणार," ताई म्हणाली. आठ महिन्यांत त्यांचे पहिल्यांदा एकमत झाले आणि तेही यावर.

आलेच असणार! फांदीच्या पोटात थोडा रस साठलेला असतो. त्या शिदोरीवर ती एखादे पान काढू शकते, मूळ नसतानासुद्धा. शिदोरी संपली की पान मान टाकते. हे आगारातल्या माळ्याला माहीत होते. आईलाही माहीत होते, म्हणून तर तिने विचारले. पण एकदा माणसाला हवे ते दिसले की तो दुसऱ्याचे ऐकतो कुठे?

गुरुवारी सकाळी करवतीचे यंत्र आले. मला खिडकीतून सगळे दिसले, उलटे का होईना. आधी फांद्या पडल्या, मग खोड, मग पायासाठी खणायचे म्हणून बुंधाही मुळांसकट उपटून काढला. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. यंत्र थांबले तेव्हा तिने विचारले, "झालं?" तिला उत्तर द्यायला खोलीत कोणी नव्हते. लाकूडफाटा हातगाडीवर घालून गल्लीच्या टोकाच्या बेकरीत पाठवून दिला, भट्टीसाठी.

दुपारी आई उठली. अंगणातून खोलीत कधी नव्हे एवढे ऊन आले होते. तिने खिडकीशी येऊन मला बाजूला काढले आणि त्या पानाला हात लावला. तिची बोटे काज करणारी बोटे, त्यांना अंधारातही सुईचे नेढे सापडते. पानावरून बोटे फांदीवर गेली, फांदीवरून डोळ्यावर. मग दुसऱ्या फांदीवर, तिसऱ्या फांदीवर. तिने एक फांदी हळूच ओढली. ती लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली. मातीतले टोक काळे पडले होते आणि त्याला कुबट वास येत होता. मुळाचा एक केससुद्धा नव्हता.

"ताई! धाकट्या!" ती ओरडली. ती ओरडू शकते हे मला माहीत नव्हते. दोघे दोन दारांतून धावत आले.

"डोळे खाली बघतायत," आई म्हणाली. "पाचही फांद्या उलट्या लावल्यात. कुणी केलं हे?"

"तिनं टोकं तिरकी कापली होती. तिरकं टोक वर असतं," धाकटा म्हणाला.

"तिरकं टोक खाली असतं!" ताई म्हणाली. या वेळी ती आईशी बोलत नव्हती. "बाबा कसे कापायचे, विसरलास?"

"मग सांगून जायचं ना!"

"तू विचारायचं ना!"

"कसं विचारणार? तू बोलत होतीस का माझ्याशी?"

"आणि तू?"

आई खाली बसली. तिच्या हातात ती काळी फांदी तशीच होती. "शिंप्याची मुलं तुम्ही," ती म्हणाली. "शिंप्याची." ती रडू लागली, तोंडावर हात न घेता, लहान मूल रडते तशी. मित्रांनो, काचेला रडता येत असते तर मीही रडले असते. मला नुसता संताप आला.

आधी भानावर आली ताई. "बेकरी," ती म्हणाली आणि पळत सुटली. धाकट्याने ओले फडके माझ्यात कोंबले, मला बगलेत मारले आणि तिच्या मागे धावला. इतक्या दिवसांनी माझे तोंड वर झाले होते, पण त्याचा आनंद करायची ही वेळ नव्हती.

बेकरीवाला भट्टीत पाव सरकवत होता. त्याने दोघांना एकत्र येताना पाहिले आणि त्याचे लांब दांड्याची फळी धरलेले हात थांबले.

"झाड द्यायचं आणि मग फांद्या मागायला यायचं?" सगळे ऐकून तो म्हणाला. "तुमच्या घरात कोणी कोणाशी बोलतं की नाही?"

दोघांनी माना खाली घातल्या. चांगले झाले. मी म्हणायचे ते तो म्हणाला.

"जाड लाकूड मागे आहे," तो म्हणाला. "बारीक फांद्या मात्र भट्टीच्या तोंडाशी वाळत टाकल्यात. बघा काय उरलंय ते. लवकर बघा, मला आच वाढवायची आहे."

भट्टीजवळच्या फांद्या कोमट लागत होत्या. ताई नखाने साल खरवडून बघे. आत हिरवे असले की ठेवायची, तपकिरी असले की टाकायची. धाकटा ढीग उपसत होता आणि एकेक फांदी तिच्या हातात देत होता. ढीग संपत आला तेव्हा माझ्यात सहा फांद्या जमल्या होत्या. शेवटची कापली तेव्हा टोकाला दुधाचा थेंब आला, बारीकसा. ताईने तो धाकट्याला दाखवला. त्याने फडके परत ओले केले.

घरी आल्यावर ताईने प्रत्येक फांदीच्या वरच्या टोकाला लाल दोरा बांधला. "लाल दोरा वर," ती म्हणाली. "डोकं चालवू नकोस. नुसतं बघ आणि लाव."

"आई, तिला सांग..." धाकट्याने सुरुवात केली आणि तो थांबला. "लावतो," तो म्हणाला.

मी पुन्हा उपडी झाले. या वेळी मला फांद्या उलट्या दिसल्या आणि माझा जीव भांड्यात पडला.

पण अक्कल एका दिवसात येत नाही. बाहेर भिंत उठत होती आणि आत हे दोघे मला रोज उचलत होते. चौथ्या आठवड्यात धाकट्याने मूळ आले का ते बघायला एक फांदी उपटली. खाली दोन पांढरे केस आले होते, कोवळे, दुधाच्या दातासारखे. ओढण्याने ते तुटले. मग खात्री करावी म्हणून त्याने दुसरीही उपटली! तिचेही तुटले.

"हात काढ!" ताई दारातून ओरडली. "पुन्हा या बरणीला हात लावलास तर बघ!"

"मी फक्त बघत होतो."

"मग मातीवर डोळे ठेवून बस की. आईनं तुला पोटातून काढून बघितलं होतं का, मोठा झालास का म्हणून?"

पलंगावर आई हसली. झाड पडल्यापासून पहिल्यांदा. उपटलेल्या दोन गेल्या. भट्टीची झळ लागलेल्या दोन आपोआप वाळल्या. एकीला पान आले, सगळ्यांनी श्वास रोखून धरला, आणि आठ दिवसांनी पानाने मान टाकली. उरली एक. ती साधी काडीसारखी उभी होती, पान नाही, काही नाही. आई रोज तिच्यापाशी बसे. मला उचलत नसे, बाहेरून काचेवर हात ठेवी फक्त.

आठव्या आठवड्यात एका सकाळी आईने कुंडी जराशी कलती केली आणि बुडाच्या भोकाला बोट लावले. बोट तिथेच थांबले. मग तिने दोघांना बोलावले आणि त्यांचीही बोटे तिथे लावायला लावली. भोकातून एक पांढरे मूळ बाहेर आले होते. पान त्यानंतर आले, आणि ते सरळ वर गेले.

इथे तुम्ही म्हणाल, झाले, आता राग सोडा. थांबा. दुसऱ्याच दिवशी दोघे आईच्या खोलीत उभे राहून पुन्हा भांडू लागले. रोप एक, अंगणे दोन, मध्ये डोक्याएवढी भिंत. रोप कोणाच्या अंगणात लावायचे?

"फांद्या मी निवडल्या," ताई म्हणाली.

"लावलं कोणी?" धाकटा म्हणाला आणि त्याने हात उडवला. त्याचे कोपर मला लागले. मी खिडकीच्या कठड्यावरून पडले, पलंगावर आपटले आणि जमिनीवर गडगडले. काठापासून पोटापर्यंत तडा गेला, कडकन आवाज करत, आणि माझ्या जन्मीच्या त्या बुडबुड्यापाशी येऊन थांबला. नाही तर माझी गोष्ट आज तुम्हाला कोणी सांगितली असती?

आईने मला उचलले. तड्यावरून तिने बोट फिरवले, बोटाला रक्त आले, तरी ते तिने पुरते टोकापर्यंत फिरवले.

"कोणालाच नाही," ती म्हणाली. "रोप माझ्या खिडकीत, माझ्या कुंडीत राहील. सकाळचं पाणी ताईनं घालायचं, संध्याकाळचं माती बघणं धाकट्याचं. पुढच्या थंडीत त्याची एकच फांदी कापायची. ती तुम्ही दोघांनी मिळून लावायची, एकत्र, माझ्यासमोर. ती जगली की दोन रोपं होतील, मग एकेक घेऊन जा. नाही जगली तर त्याच्या पुढच्या थंडीत. मला घाई नाही."

तिला घाई नाही! तिचे वय चौऱ्याहत्तर. दोघांचेही चेहरे उतरले. उतरू देत.

मित्रांनो, माझी तक्रार आता संपत आली. तडा गेलेली बरणी आहे मी, तड्यावर आईने चिकटपट्टी लावली आहे, आणि माझ्यात बटणे पुन्हा कधी येणार नाहीत हे मला कळले आहे. तुमच्या घरी जिन्याखाली, माळ्यावर असे कोणी पडले असेल तर त्याला एकदा पुसा. कोमट पाणी पुरते. रोप लावाल तेव्हा त्यावर झाकलेली काच सारखी उचलू नका, फांदी उपटून बघू नका, आणि एक पान दिसले म्हणून झाडावर करवत चालवू नका. मूळ बघा. ते दिसेपर्यंत थांबा. थांबणे फुकट असते, झाड नसते.

मग पुन्हा थंडी आली. रोपाची पाने गळली आणि ते आता गुडघ्याएवढे झाले आहे. रविवारी ताईने आईसमोर त्याची एक फांदी कापली आणि धाकट्याच्या हातात दिली. लाल दोरा बांधायला ती विसरली होती. की मुद्दाम बांधला नव्हता, मला ठाऊक नाही. आई पलंगावर सरळ होऊन बसली. मी टेबलावर, तोंड वर करून, माझ्या वेळेची वाट बघत होते. धाकट्याने फांदी उजेडात धरली. एक टोक पाहिले, दुसरे टोक पाहिले. त्याला दिसत होते. डोळे स्पष्ट वर बघत होते, आंधळ्यालाही कळले असते. तरी तो थांबला, आणि मान वळवून म्हणाला, "ताई, वरची बाजू कोणती?"

आईने डोळे मिटून घेतले. ताईने फांदीच्या वरच्या टोकाला बोट लावले. मी मात्र अजून रागावलेलीच आहे. हा एवढासा प्रश्न विचारायला त्यांना अख्खे झाड लागले.